विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

आजचं वाचन : योहान ४:१–४२



आजचा अध्याय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सूखार गाव, याकोबाची विहीर, भर दुपार, थकलेला येशू आणि घागर घेऊन आलेली शोमरोनी बाई. मी संडे स्कूलमध्ये होते तेव्हा हे चित्र आम्ही रंगवायचो. येशूचा झगा पांढरा आणि बाईची साडी लाल. हो, आम्ही तिला साडीच नेसवायचो! लालच का, असं कुणी विचारलं नाही. ती ‘पापी बाई’ होती हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पाच नवरे केले, सहाव्याबरोबर तशीच राहते, लोकांना तोंड दाखवायची लाज म्हणून दुपारी पाण्याला येते. मलाही असंच शिकवलं गेलं आणि पुढे मी शिकवायला लागल्यावर मीही लहान मुलांना तेच शिकवलं.

मग एका रविवारी याच अध्यायावर उपदेश झाला. त्या दिवशी माझी आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिचा पहिला नवरा अपघातात गेला आणि दुसऱ्याने तिला सोडून दिलं. उपदेशक पाच नवऱ्यांपाशी आले तसं पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. घरी येताना रिक्षात आत्याने मला एवढंच विचारलं की त्या बाईचे नवरे मेले असतील, असं कुणाच्या मनात कसं येत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्या त्यानंतर बरेच महिने चर्चला आली नाही.

तिचा प्रश्न डोक्यात घेऊन मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, कारण रमाबाईंच्या आयुष्यात हाच अध्याय अगदी मोक्याच्या वळणावर येतो. आज ती गोष्ट तुम्हाला सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, तरी ते मागे हटले नाहीत. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. मग दुष्काळ आला. पोटात अन्न नाही आणि मजुरीची सवय नाही, अशा हालात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे या विशीतल्या मुलीचं संस्कृत ऐकून पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

एवढा सन्मान मिळाला, पण त्याच काळात शास्त्रं अधिक खोलवर वाचताना त्यांना एक गोष्ट बोचायला लागली. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. ग्रंथांचं आपसात कितीही मतभेद असोत, स्त्रीची जात मुळातच वाईट आणि नवऱ्याच्या सेवेशिवाय तिला गती नाही, यावर सगळ्यांचं एकमत असल्याचं त्यांना दिसलं. स्वतः पंडिता झालेल्या बाईने हे वाचलं! काय वाटलं असेल?

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बंगालमधले वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या आणि मांडीवर वर्षाचंही न झालेलं लेकरू होतं.

त्या काळी विधवा म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजींनी पाहिलेलं आहे. नवरा मेला तर दोष बायकोच्या पायगुणाला, तिच्या गेल्या जन्मीच्या पापाला. ज्याच्यावर दुःख कोसळलं त्यालाच आरोपी करायचं! रमाबाईंनी हा न्याय मान्य केला नाही. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. हवापालट म्हणून त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या शाखेत पाठवलं. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणतो अशा बायकांसाठी भगिनी तिथे काम करत. रमाबाईंनी पाहिलं की त्या बायकांना कुणी हिडीसफिडीस करत नाही. उलट काही जणी इतक्या बदलल्या आहेत की आता त्या स्वतःच दुसऱ्या आजारी-पीडितांची सेवा करतात. असं काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी एका भगिनीला विचारलं की ख्रिस्ती लोक अशा बायकांची एवढी काळजी का घेतात. त्या भगिनीने वाद घातला नाही, व्याख्यान दिलं नाही. बायबल उघडलं आणि योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

म्हणजे आजचाच अध्याय! एक विधवा, परक्या देशात, एका अनोळखी बाईची गोष्ट ऐकते आहे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्याशी देवाबद्दल बोलतो, खरी उपासना डोंगरावरची की यरुशलेमातली या मोठ्या प्रश्नावर बोलतो. ज्या विषयांवर बायकांनी तोंड उघडायचं नाही असं ठरलेलं होतं, नेमक्या त्याच विषयांवर. त्या दिवशी रमाबाईंना वाटलं की भारतातल्या दबलेल्या बायकांना उभं करू शकेल तर हाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी छोट्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मित्रांनो, इथे मी पुस्तक मिटलं आणि पेन्सिल घेऊन हा अध्याय पहिल्यापासून वाचला. तुम्हीही वाचा. अख्ख्या संवादात ‘पाप’ हा शब्द शोधा. मला तो सापडला नाही. ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असं येशू इतर ठिकाणी म्हणतो, इथे म्हणत नाही. ‘पुन्हा पाप करू नको’ असं तो पाचव्या आणि आठव्या अध्यायात म्हणतो, इथे तेही नाही. पाच नवरे झाले आणि आताचा तिचा नवरा नाही, एवढंच तो सांगतो. बाकीचं सगळं आपण भरलं!

आता संदर्भ बघू या. शोमरोनी लोक मोशेची पाच पुस्तकं मानत. त्यातल्या अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सूटपत्र कोण लिहितो? नवरा. बायको नाही. त्या काळचे यहूदी गुरूही वाद घालत ते नवऱ्याने कोणत्या कारणाने सोडावं यावर, आणि हिल्लेलच्या परंपरेत तर स्वयंपाक बिघडवला एवढं कारणही चालत होतं. मग पाच वेळा ‘नवरे बदलणं’ त्या बाईच्या हातात होतं का? एक तर नवरे मेले असतील, नाहीतर त्यांनी तिला टाकलं असेल. भावाच्या विधवेशी दिराने लग्न करायची चालही होती. सदूकी लोकांनी येशूला सात भावांची बायको झालेल्या स्त्रीचं कोडं घातलं ते याच चालीवरून. त्या कोड्यातल्या बाईला आपण कधी पापी म्हणत नाही, मग हिलाच का?

आणि दुपारचं काय? उत्पत्ती २९ मध्ये राहेलसुद्धा भर दिवसाच विहिरीवर येते आणि तिथे तिला याकोब भेटतो. तिच्यावर कुणी शंका घेत नाही. इकडे योहानाने तिसऱ्या अध्यायात निकदेमाला रात्री आणलं आणि चौथ्यात या बाईला लख्ख उन्हात आणलं. शास्त्र शिकलेला माणूस अंधारात गोंधळतो आणि नाव नसलेली बाई उजेडात ओळखते. मला तर वाटतं, योहानाला आपल्याला हे दाखवायचं होतं. शिवाय गावाने तिला खरंच वाळीत टाकलं असतं तर तिच्या एका शब्दावर सगळं गाव उठून आलं असतं का? पूर्वेकडच्या मंडळ्या आजही तिला संत फोटिनी म्हणून मान देतात.

थांबा, दुसऱ्या टोकालाही जायला नको. ती निष्पाप होती असंही अध्याय म्हणत नाही. आपण केलेलं सगळं त्याने सांगितलं, असं ती स्वतःच गावात सांगते. तिचं आयुष्य गुंतागुंतीचं होतं आणि येशूला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आरोप करणं वेगळं. मोडलेल्या संसाराला आपण आपोआप पाप म्हणतो, तिथे चूक होते. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं.

रमाबाईंच्या गोष्टीने मला इथेच पकडलं. विधवेला पापिणी ठरवणाऱ्या समाजातून त्या बाहेर पडल्या आणि ज्या अध्यायाने त्यांना मोकळं केलं, त्याच अध्यायाने आम्ही माझ्या आत्याला बांधून ठेवलं. गेल्या जन्माचं पाप आम्ही मानत नाही, पण न्याय मात्र जुनाच ठेवला.

रमाबाईंनी पापाचा प्रश्न हलक्यात घेतला, असं मात्र कुणी समजू नये. बाप्तिस्म्यानंतर त्या शिकवणुकीवरही प्रश्न विचारत राहिल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. बायबलमध्ये जे स्पष्ट दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना हट्टी म्हटलं गेलं, गर्विष्ठही. पण प्रश्न विचारणाऱ्या या बाईने स्वतःच्या मनालाही सोडलं नाही. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांनी कबूल केलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. विधी झाले तरी मनावरचं ओझं तसंच होतं. ते उतरलं ते सगळं सोडून त्याच्यापुढे गेल्यावर, अगदी फुकट. इतरांनी लादलेलं पाप त्यांनी नाकारलं आणि स्वतःचं ओझं स्वतः देवापुढे नेलं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला मी त्यांच्याकडून शिकते आहे.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या बाया कर्वे. १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. तिथे त्यांनी एक वेगळं घर बांधलं, कृपा सदन. कुणासाठी? समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये ऐकलेला अध्याय केडगावच्या माळावर विटामातीत उभा राहिला.

शेवटची जवळजवळ १८ वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीच्या भाषांतरातले जड संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, ही त्यांची तळमळ होती. टाईप जुळवणं, छापणं हे सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पोटची एकुलती एक लेक गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. बायकांनी देवाचं वचन दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घाबरून राहू नये, स्वतः वाचावं, हाच त्यामागचा ध्यास होता.

गेल्या आठवड्यात मी आत्याकडे गेले. आम्ही दोघींनी हा अध्याय मोठ्याने वाचला. बाई घागर तिथेच ठेवून गावात पळते, तिथे आत्या थांबली आणि हसली. घागर रिकामी ठेवून गेली की भरलेली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. या रविवारी ती चर्चला येते म्हणाली आहे. मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि पुढच्या महिन्यात संडे स्कूलच्या मुलांना त्या बाईची साडी हव्या त्या रंगाने रंगवायला सांगणार आहे.

आजचा विचार : आपल्या ओळखीतल्या कुणाच्या दुःखाला आपण पाप म्हणतो आहोत का? आणि आपलं स्वतःचं असं काय आहे, जे त्याच्यापुढे न्यायचं आपण टाळतो आहोत?

प्रार्थना : प्रभू येशू, तुला आमचं सगळं माहीत आहे, तरी तू आमच्याकडे पाणी मागतोस. तुझ्या वचनात जे लिहिलेलं नाही ते आम्ही इतरांच्या माथी मारलं, त्याची क्षमा कर. ज्यांनी आमच्यामुळे मंडळीकडे पाठ फिरवली त्यांना तू विहिरीवर भेट. आणि आमचं खरं ओझं उजेडात आणायचं धैर्य आम्हाला दे. आमेन.