शाळेत उशिरा गेलेला मुलगा आणि तुमच्या वाय-फायच्या लहरी

तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, म्हणजे डेटा हवेतून येतोय, कुठल्याही वायरीशिवाय. आणि स्क्रीनवर जे काही रंगीत दिसतंय ते लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीनच रंगांच्या बारीक ठिपक्यांतून बनतंय. या दोन्ही गोष्टींचं मूळ शोधत मागे गेलात तर एक नाव दोन्हीकडे भेटतं: जेम्स क्लार्क मॅक्सवेल. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या मधला हा माणूस. आपल्या पुस्तकात तो फक्त बारावीला आणि इंजिनिअरिंगला चार समीकरणांपुरता येतो, त्यामुळे त्याचं आयुष्य कुणाला फारसं माहीत नसतं. मलाही इंजिनिअरिंग होईपर्यंत नव्हतं.

ते वाचायचं कारण घराजवळच मिळालं. मी जांब्याला राहतो, हिंजवडीला नोकरी. आमच्या सोसायटीत एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच आईवडिलांकडे शिकतात. मोठ्याचं पुढे एनआयओएसमधून दहावी द्यायचं ठरलंय. शनिवारी दोघं माझ्याकडे पायथन शिकायला येतात. सोसायटीत बाकीच्यांना या मुलांची फार काळजी: शाळा नाही म्हणजे मित्र नाहीत, शिस्त नाही, पुढे कसं होणार. एका शनिवारी धाकट्याने मध्येच विचारलं की वाय-फाय भिंतीतून आत कसं येतं. मी सांगायला लागलो आणि मॅक्सवेलवर आलो. मग कळलं की तोही दहा वर्षांचा होईपर्यंत शाळेत गेलाच नव्हता.

जेम्सचा जन्म १३ जून १८३१चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये. त्याच्याआधीची बहीण तान्हेपणीच गेलेली, त्यामुळे हा एकुलता एक. वडील जॉन वकील होते, पण जीव सगळा यंत्रांमध्ये आणि शेतीमध्ये. जेम्स लहान असतानाच कुटुंब नैऋत्य स्कॉटलंडमधल्या ग्लेनलेअर या वडिलोपार्जित इस्टेटीवर राहायला गेलं. आजूबाजूला माळ, ओढे, गुरं. म्हणून शिकवायचं काम आईने, फ्रान्सिसने, स्वतःकडे घेतलं.

घर धार्मिक होतं. वडील प्रेस्बिटेरियन, आई एपिस्कोपल पंथाची, रोजची प्रार्थना ठरलेली. पाठांतर भरपूर. आठव्या वर्षी जेम्सला बायबलमधलं ११९वं स्तोत्र पूर्ण पाठ होतं, १७६ वचनांचं. आपल्याकडे एखाद्या पोराला सगळे मनाचे श्लोक पाठ असावेत तसंच. पण आईने त्याला फक्त पाठांतराला बसवलं नाही. पोरगा तीनेक वर्षांचा असल्यापासून दिसेल त्या वस्तूबद्दल विचारायचा की हे चालतं कसं, आणि थातुरमातुर उत्तर दिलं तर पुन्हा विचारायचा. त्या घरात नोकरांना बोलवायला घंटा असायच्या. खोलीत दोरी ओढली की भिंतीतून गेलेल्या तारेने स्वयंपाकघरातली घंटा वाजायची. जेम्सने त्या तारा कुठून कुठे जातात हे घरभर शोधून काढलं आणि वडिलांना हात धरून दाखवत फिरला. आईने हे सगळं कौतुकाने आपल्या बहिणीला पत्रात कळवलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

(आईवडिलांनी घरी शिकवणं ही काही परदेशी टूम नाही. पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. आईने त्यांना संस्कृत शिकवलं, तेही यात्रा करत, मुक्काम बदलत. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या आणि याच पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं.)

डिसेंबर १८३९मध्ये फ्रान्सिस गेली. पोटाचा कॅन्सर होता. भूल द्यायची औषधं तेव्हा आलीच नव्हती, तरी तिने ऑपरेशन करून घेतलं होतं. वय ४७. जेम्स आठ वर्षांचा.

इथून गोष्ट बिघडते. होमस्कूलिंगच्या बाजूने बोलणारे लोक हा भाग सहसा गाळतात. वडिलांनी पोराला घरीच ठेवलं आणि शिकवायला एक १६ वर्षांचा मुलगा नेमला. घर तेच, पुस्तकं तीच, देवघर तेच म्हणा ना. पण हा मास्तर रट्टा मारून घेणारा. उत्तर अडलं की कान पिरगाळायचा, डोक्यात पट्टी मारायचा. जेम्स थोडा अडखळत बोलायचा, ते पुढेही पूर्ण गेलं नाही. वडिलांना बराच काळ काही कळलंच नाही, कारण जेम्स तक्रार करत नव्हता. एकदा तो कपडे धुवायच्या लाकडी टबात बसून बदकांच्या तळ्यात मधोमध निघून गेला, आणि मास्तर काठावरून ओरडत राहिला. त्याची आतेबहीण जेमायमा चित्रं छान काढायची. तिने हे चित्रच काढून ठेवलंय. शेवटी मावशीच्या लक्षात आलं की पोराला मारहाण होते, आणि १८४१च्या नोव्हेंबरात जेम्सला एडिंबरा ॲकॅडमीत घातलं. राहायला आत्याकडे.

शाळेतला पहिला दिवस भयंकर गेला. अंगात घरी शिवलेला झगा, पायात वडिलांनी स्वतः डिझाइन केलेले चौकोनी टोकाचे बूट, बोली खेड्यातली. पोरांनी कपडे फाडले आणि डाफ्टी, म्हणजे येडपट, असं नाव ठेवलं. ते नाव वर्षानुवर्षं टिकलं. पण त्याच शाळेत त्याला लुइस कॅम्पबेल आणि पीटर टेट भेटले. टेट पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला, कॅम्पबेलने मॅक्सवेलचं चरित्र लिहिलं, दोघंही शेवटपर्यंत मित्र राहिले. ही माणसं ग्लेनलेअरच्या माळावर भेटली नसती. म्हणून मला घर की शाळा हा वादच अर्धवट वाटतो. त्याच घरात आईने मुलाला फुलवलं आणि त्याच घरात मास्तरने त्याला जवळपास मिटवलं. आमच्या सोसायटीतल्यांनी त्या मुलांची शाळा विचारण्याऐवजी आपली पोरं त्यांच्याबरोबर खेळायला पाठवली तर जास्त उपयोग होईल.

चौदाव्या वर्षी मॅक्सवेलने टाचण्या आणि दोरा वापरून अंडाकृती वक्र काढायची नवी पद्धत शोधली. १८४६मध्ये तो निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला, पण दुसऱ्याने वाचला, कारण लेखक फारच लहान होता. पुढे एडिंबरा, मग केंब्रिज. १८५४च्या गणिताच्या परीक्षेत दुसरा नंबर. ॲबर्डीनला प्राध्यापक झाला, तिथल्या प्राचार्यांच्या मुलीशी, कॅथरीनशी, १८५८मध्ये लग्न केलं. दोन वर्षांत दोन कॉलेजं एकत्र झाली आणि नोकरी गेली. मग तो लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आला.

लंडनमधली पाच वर्षं म्हणजे सोनं. १८६१मध्ये त्याने एका रंगीत फितीचे तीन फोटो काढून घेतले: एक लाल फिल्टरमधून, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही त्याच रंगांच्या उजेडात पडद्यावर एकावर एक टाकले की रंगीत चित्र दिसलं. तुमच्या फोनचा कॅमेरा आजही लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधूनच बघतो. मजा म्हणजे तेव्हाच्या फोटोच्या काचेवर लाल रंग उमटतच नव्हता, तरी प्रयोग जमला. लाल कापडातून अतिनील किरणही येत होते आणि काचेने ते टिपले, हे १०० वर्षांनी कळलं. नशीबही लागतं.

खरं मोठं काम मात्र लहरींचं. मायकेल फॅरडेने प्रयोगातून दाखवलं होतं की बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून वीज तयार होते. फॅरडेचं शालेय शिक्षण अगदी जेमतेम, गणित येत नव्हतं. मॅक्सवेलने ते गणितात आणलं आणि उलट बाजू जोडली: बदलणारं विद्युत क्षेत्रही चुंबकीय क्षेत्र तयार करतं. म्हणजे एक दुसऱ्याला ढकलतं, दुसरं पहिल्याला, आणि ही ढकलाढकली पुढे पुढे पळत जाते. त्यालाच लहर म्हणायचं. किती वेगाने पळते? विजेच्या प्रयोगांतल्या आकड्यांवरून त्याने हिशेब केला: सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर. हे त्याने उन्हाळ्यात ग्लेनलेअरला काढलं आणि ताडून बघायचं पुस्तक लंडनला, त्यामुळे सुट्टी संपेपर्यंत थांबावं लागलं. प्रकाशाचा तेव्हा मोजलेला वेग जवळपास ३,१४,८५८ निघाला. फरक दीड टक्क्याच्याही आत. म्हणजे प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर! आणि मग इतर लांबीच्या लहरीही असणारच. तुमच्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब असते. विटांची भिंत प्रकाश अडवते, पण ही लहर पूर्ण अडत नाही, थोडी कमजोर होऊन पार होते.

१८६५मध्ये समीकरणं छापून झाली, २० होती. आपण शिकतो ती चार नंतर ऑलिव्हर हेविसाइडने बसवली. त्याच वर्षी मॅक्सवेल नोकरी सोडून ग्लेनलेअरला परतला. आईवडिलांसारखीच घरात सगळ्यांना जमवून प्रार्थना घ्यायचा, इस्टेट बघायचा, जाडजूड ग्रंथ लिहायचा. १८७१मध्ये केंब्रिजने बोलावून कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभारायला लावली. स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

५ नोव्हेंबर १८७९ला तो गेला. आईचाच आजार, पोटाचा कॅन्सर, आणि जवळपास आईचंच वय, ४८. तोवर त्याच्या लहरी कुणीच प्रयोगात तयार केल्या नव्हत्या. ते हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८मध्ये जर्मनीत केलं. नंतर १८९५च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी लोकांसमोर प्रयोग केला. लहर भिंतीतून आरपार गेली आणि पलीकडे घंटा वाजली, मध्ये कुठलीही तार नसताना.