गाणी रिकव्हर करणारा वकील

कॉम्प्युटरवरून गाणं डिलीट केलं म्हणजे ते गेलं, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ते जागेवरच असतं. गेलेली असते ती फक्त त्याची नोंद. आमच्या विंगमध्ये कुणाचा गाण्यांचा फोल्डर उडाला की त्याला माझ्या खोलीकडे पाठवतात. त्यामुळे हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता झोपेतही म्हणू शकेन.

आलेल्या रुग्णाला मी आधी एकच विचारतो, नक्की उडालंय काय? आयट्यून्स किंवा विनॅम्पसारख्या प्लेअरची मीडिया लायब्ररी ही नुसती यादी असते. यादीतून गाणं काढलं तरी फाइल तिच्या फोल्डरमध्ये शाबूत असू शकते. ती परत यादीत ओढली की काम झालं, एक चहा माझा. फाइलच पुसली असेल तर रीसायकल बिन बघायचा. शिफ्ट दाबून किंवा पेनड्राइव्हवरून पुसलं असेल तर तिथंही काही सापडत नाही. मग मात्र पहिला नियम असा, की त्या डिस्कवर नवीन काहीही लिहायचं नाही. सिनेमा कॉपी करायचा नाही आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्या ड्राइव्हवर टाकायचं नाही.

कारण सोपं आहे. पुसताना ऑपरेटिंग सिस्टिम फाइलमधला ऐवज खरवडत बसत नाही. फॅट पद्धतीच्या डिस्कवर ती नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण मारते आणि ही जागा मोकळी झाली असं लिहून ठेवते. दुसरी फाइल येऊन त्या जागेवर बसेपर्यंत जुनं गाणं तिथेच पडून असतं. फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर यादीच्या नादी न लागता थेट डिस्क चाळतं आणि एमपीथ्रीची ओळखीची खूण दिसली की तिथून फाइल उचलतं. गाणी परत येतात, पण नावं परत येत नाहीत. नुसते आकडे नाव म्हणून घेतलेल्या शेकडो फाइली समोर पडतात. आत आयडीथ्री टॅग भरलेला असेल तर गायक आणि अल्बम कळतो. नसेल तर एकेक ऐकत बसा! आणि डिस्क एसएसडी असेल तर ट्रिम नावाची सोय मोकळी जागा आपणहून साफ करून टाकते. मग माझ्याही हातात फारसं काही उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चरित्राच्या सदरात हे काय? सांगतो. या सदरासाठी लिहायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच नाव आलं, पंडित विष्णु नारायण भातखंडे. ते १९३६ सालीच गेले, कॉम्प्युटर त्यांनी पाहिलासुद्धा नाही. पण ज्यांची यादी नाही, नावांचा भरवसा नाही आणि जी कोणत्याही दिवशी कायमची जातील अशी शेकडो गाणी एका माणसानं परत मिळवावीत, हे मला अजूनही अचाट वाटतं.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घरात गाण्याची आवड होती, पण गाण्यावर पोट भरणारं ते घर नव्हे. लहानपणी बासरी, पुढे सतार. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात. १८८७ साली ते एलएल.बी. झाले, काही काळ कराचीत आणि मग मुंबईच्या हायकोर्टात वकिली केली. आजच्या भाषेत प्लेसमेंट चांगली झाली होती.

पण १८८४ पासूनच त्यांचा एक पाय गायन उत्तेजक मंडळीत होता. पारशी रसिकांनी १८७० साली मुंबईत काढलेली ही संस्था. मोठमोठे गवई तिथे येत, गात आणि शिकवतही. रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं, अली हुसेन यांच्याकडून ख्याल, असा संग्रह त्यांनी इथे जमवला. आणि इथेच त्यांच्यातल्या वकिलाला एक गोष्ट खटकायला लागली. एकाच रागात एक उस्ताद कोमल स्वर घेतो, दुसरा शुद्ध घेतो, आणि दोघेही आपलंच खरं म्हणतात. आधार विचारला तर घराण्याकडे बोट दाखवतात. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांत रागाचं नाव तेच, पण सांगितलेले स्वर गवयाच्या गळ्यातल्या स्वरांशी जुळत नाहीत. म्हणजे यादीत फाइलचं नाव आहे, डबल क्लिक केलं तर भलतंच वाजतंय!

शिवाय मूळ प्रत कुठे होती? गवयाच्या डोक्यात. दुसरीकडे कुठेच नाही. चीज म्हणजे घराण्याची मिळकत. मुलाला आणि निवडक शागिर्दांना द्यायची, परक्यापासून जपायची. लेकीच्या लग्नात जावयाला हुंडा म्हणून चिजा दिल्याच्या गोष्टी संगीताच्या जगात सांगितल्या जातात. दरबारचा आश्रय आटला, मुलगा गाण्यात रमला नाही किंवा उस्ताद अचानक गेले, तर पन्नास-शंभर चिजा त्यांच्याबरोबर गेल्या. तिथे रीसायकल बिन नव्हता.

१८९६ साली भातखंडे गुजरात-काठियावाडच्या दौऱ्यावर निघाले. तिथून हे काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. मध्ये १९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली मुलगी. घर रिकामं झालं. अशा वेळी माणूस सगळंच सोडून बसतो. भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. मद्रास, तंजावर, मदुराई करत एट्टयपुरमला त्यांनी सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली. दीक्षितांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापून निघाला होता. व्यंकटमखींनी सतराव्या शतकात मांडलेली ७२ मेळांची व्यवस्था दक्षिणेत नुसती पोथीत नव्हती, रोजच्या गाण्यात वापरात होती. हे भातखंड्यांना फार महत्त्वाचं वाटलं. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, हैदराबाद. १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर. बरोबर प्रश्नांची यादी असे. संध्याकाळी दिवसभराच्या भेटी ते रोजनिशीत उतरवत. साक्षीदाराची उलटतपासणी असते ना, तसाच प्रकार. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि उरलेलं आयुष्य याच एका खटल्याला दिलं.

सगळी दारं लगेच उघडली असं नाही. कुणी टाळलं, कुणी अर्धीच चीज सांगितली. त्या उस्तादांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्यावर घर चालतं ते एका वकिलाला वहीत का लिहून द्यावं? तरीही रामपूरसारख्या दरबारातून आणि जयपूरच्या मनरंग परंपरेच्या गवयांकडून भातखंड्यांना चिजा मिळाल्या. कुठे शागिर्दी पत्करून, कुठे संस्थानिकाची मध्यस्थी घेऊन, कुठे नुसत्या चिकाटीनं. देणाऱ्यांचा वाटाही त्यामुळे तेवढाच मोठा आहे.

आता इंजिनिअरिंगचा भाग बघा. ऐकलेलं गाणं साठवायचं कशात? कलकत्त्यात १९०२ साली गौहर जानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. पण तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटंच मावायची. विलंबित ख्याल त्यात कसा बसणार? भातखंड्यांनी कागद निवडला. स्वरलिपीचे प्रयत्न त्यांच्या आधी बंगालमध्ये आणि बडोद्याला मौलाबक्षांनी केले होतेच. भातखंड्यांची लिपी मात्र कोणत्याही छापखान्यात जुळवता येईल इतकी साधी होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. अक्षर लांबलं तर अवग्रह. इतक्या थोड्या खुणांत चीज कागदावर बसते. कमी जागेत मावणारा आणि कुठल्याही मशीनवर उघडणारा फॉरमॅट!

मग यादी. दक्षिणेतल्या ७२ मेळांपैकी उत्तरेतल्या गाण्याला पुरतील असे १० थाट त्यांनी घेतले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बिलावलचे स्वर शुद्ध मानले आणि प्रत्येक रागाला एक फोल्डर मिळाला. १९०९-१० च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चा मराठी पहिला भाग बाहेर पडला. लेखक म्हणून स्वतःचं नाव नाही. एकीकडे चतुर पंडित, दुसरीकडे विष्णु शर्मा. पुढे 'क्रमिक पुस्तक मालिका' चे सहा भाग झाले आणि त्यांत अठराशेच्या आसपास चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या. मूळ पुस्तकं मराठीतली आहेत, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. ती विकत घ्यायला कुणाच्या घराण्यात जन्म घ्यावा लागत नव्हता.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची लक्षणगीतं. ही गाणी रागाबद्दलच बोलतात. राग कोणता, थाट कोणता, वादी-संवादी कोण, गायची वेळ कोणती, हे सगळं बंदिशीच्या शब्दांत आणि ते त्याच रागात गायलेलं. उद्या पुस्तक हरवलं, यादी जळाली, तरी हे एक गाणं ज्याला पाठ आहे त्याला राग परत जुळवता येईल. फाइलच्या पोटात तिची ओळख ठेवायची, हाच तर आयडीथ्री टॅगचा विचार. टॅग नसलेल्या फाइली ऐकत ज्यानं रात्र काढली आहे त्याला यातली दूरदृष्टी चटकन कळेल.

पुस्तकांवर ते थांबले नाहीत. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्यानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि मग दिल्ली, बनारस, लखनौ इथेही परिषदा झाल्या. ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय आणि लखनौला १९२६ साली मॅरिस कॉलेज सुरू झालं. लखनौची ती संस्था पुढे त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली आणि २०२२ साली भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी तिथे अनेक वर्षं प्राचार्यपद सांभाळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कॉपी पुरेशी नसते, हे भातखंड्यांना कळलं होतं. शेवटची काही वर्षं आजारपणानं ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांचं निधन झालं.

त्यांच्यावर टीका भरपूर झाली आणि ती खोटी नाही. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत. घराण्यात गायली जाणारी बंदिश आणि छापलेली बंदिश यांत फरक सापडतो. मींड, गमक, श्रुतीचा बारीक फरक कागदावर कसा उतरणार? आवाज तर उतरतच नाही. मी याकडे असं बघतो, की रिकव्हरीत फाइल जशीच्या तशी क्वचितच मिळते. कुठे सुरुवात तुटते, कुठे मध्येच खरखर येते. पण तुटकी फाइल दुसऱ्या प्रतीशी ताडून दुरुस्त करता येते. जिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं तिचं कुणीच काही करू शकत नाही. भातखंड्यांनी नेमकी ती वेळ गाठली. उस्ताद हयात होते, गळे गात होते, तेव्हाच ते वही घेऊन दाराशी गेले.

प्रत्येकाच्या घरी अजून थोडीफार अशी डिस्क शिल्लक आहे. आजीला पाठ असलेल्या ओव्या आहेत, गावच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बुवांच्या चाली आहेत, माळ्यावर बुरशी धरत चाललेल्या कॅसेट आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा मोबाइल समोर ठेवून तेवढं रेकॉर्ड करा. फाइलला नाव द्या, कोण गातंय, कुठलं गाव, कोणता दिवस ते टॅगमध्ये भरा आणि निदान दोन ठिकाणी कॉपी ठेवा. फोल्डर उडाला तर माझी खोली आहेच. पण आजीच्या बाबतीत मला काही करता येणार नाही.