नव्या देशाची पत राखणारे विल्यम कॉसग्रेव्ह

मुलांनो, डब्लिनचे सेंट जेम्स हॉस्पिटल तुम्हांला माहीत आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा, काका-मावशी इथल्या हॉस्पिटलांत काम करतात. त्या हॉस्पिटलच्या जवळून जाणारा रस्ता म्हणजे जेम्स स्ट्रीट. याच रस्त्यावर १७४ क्रमांकाच्या घरात जून १८८० मध्ये एक मुलगा जन्मला. वडिलांचा पबचा धंदा होता. मुलाने लवकर शाळा सोडली आणि घरच्या धंद्यात लक्ष घातले. पुढे तोच मुलगा या देशाच्या पहिल्या सरकारचा प्रमुख झाला आणि जवळजवळ दहा वर्षे त्या जागी राहिला. त्याचे नाव विल्यम थॉमस कॉसग्रेव्ह.

आपल्या वर्गात आम्ही शिवाजीमहाराजांची, लोकमान्यांची, सावित्रीबाईंची चरित्रे वाचतो. पण आपण ज्या देशात राहतो, त्याचा पहिला संसार कोणी मांडला हेही आपल्याला ठाऊक हवे. वर्गात विचारले तर मुले मायकेल कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा ही नावे चटकन सांगतात. कॉसग्रेव्ह मात्र कोणाच्या तोंडी येत नाहीत. म्हणून या अंकात त्यांची गोष्ट.

त्याआधी एक मराठी शब्द शिकू या. तो शब्द आहे 'पत'. गावच्या किराणा दुकानात काही माणसांना दुकानदार वहीत लिहून उधार माल देतो, काहींना देत नाही. ज्याला देतो, त्याची पत आहे असे म्हणतात. पत म्हणजे हा माणूस घेतलेले परत करील, दिलेला शब्द पाळील, असा लोकांना वाटणारा भरवसा. माणसासारखीच देशाचीही पत असते. नव्या देशाची तर ती शून्यातून उभी करावी लागते. कॉसग्रेव्ह यांचे काम हेच होते.

१९०९ साली ते सिन फेन पक्षातर्फे डब्लिन महापालिकेत निवडून आले. पुढे तेथील वित्त समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गटारे, घरे, पाणी, कर, पगार या गोष्टींचा हिशेब त्यांना तिथे कळला. पण ते केवळ हिशेबनीस नव्हते. १९१६ च्या ईस्टर उठावात ते साउथ डब्लिन युनियन या जागी लढले. गरिबांसाठी चालवलेली ती मोठी संस्था होती. आज त्याच जागेवर सेंट जेम्स हॉस्पिटल उभे आहे. म्हणजे ते आपल्याच आळीत लढत होते. त्यांचा सावत्र भाऊ फ्रँक बर्क तिथेच मारला गेला. कॉसग्रेव्ह यांना फाशीची नव्हे, गोळ्या घालून मारण्याची शिक्षा झाली. नंतर ती जन्मठेपेवर आली. १९१७ मध्ये सर्वांबरोबर त्यांची सुटका झाली आणि त्याच वर्षी ते किलकेनी शहरातून निवडून आले.

६ डिसेंबर १९२१ रोजी ब्रिटनशी तह झाला. २६ परगण्यांना स्वराज्य मिळणार होते, पण राजाची शपथ घ्यावी लागणार होती आणि उत्तरेकडचे सहा परगणे वेगळे राहिले होते. तह मान्य करावा की नाही, यावर आयरिश मंत्रिमंडळात मते पडली. चार बाजूने, तीन विरुद्ध. त्या चारांत एक मत कॉसग्रेव्ह यांचे होते. त्यांनी उलट मत दिले असते तर इतिहास वेगळा झाला असता.

जून १९२२ मध्ये तहाच्या बाजूचे आणि तहाविरुद्धचे यांच्यात यादवी युद्ध पेटले. काल खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे आज एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती. ऑगस्टमध्ये दहा दिवसांत दोन मोठे आघात झाले. १२ तारखेला आर्थर ग्रिफिथ आजारपणाने गेले. २२ तारखेला मायकेल कॉलिन्स कॉर्क परगण्यात गोळी लागून मारले गेले. कॉलिन्स तेव्हा अवघे ३१ वर्षांचे होते. घरातली दोन कर्ती माणसे एकदम जावीत तसे झाले. मग मागे बसलेल्या, बुटक्याशा, साध्या कॉसग्रेव्ह यांच्याकडे सर्वांनी पाहिले. त्यांनी सरकारचे प्रमुखपद घेतले आणि अर्थखातेही स्वतःकडेच ठेवले. ६ डिसेंबर १९२२ रोजी आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले, तेव्हा ते त्याच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत पंतप्रधान झाले.

तिजोरीची काय अवस्था होती पाहा. कर गोळा करणे कठीण, रेल्वेचे पूल उडवलेले, मॅलोचा मोठा पूल कोसळलेला, फोर कोर्ट्समधील जुनी सरकारी दप्तरे जळून खाक झालेली. सैन्य वाढत वाढत पन्नास हजारांच्या वर गेले होते. त्या सर्वांना पगार द्यायचा होता. शिवाय ज्यांची घरे-दुकाने जळली, त्यांना भरपाई हवी होती. सुरुवातीला बँक ऑफ आयर्लंडने दहा लाख पौंड उसने दिले म्हणून गाडा चालला. मंत्री जिवाच्या भीतीने सरकारी इमारतीतच राहत, तिथेच जेवत आणि झोपत. जानेवारी १९२३ मध्ये टेम्पलओग येथील कॉसग्रेव्ह यांचे स्वतःचे घर विरोधकांनी जाळले.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. युद्ध थांबवण्यासाठी या सरकारने ७७ कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या चौघांवर तर खटलाही चालला नव्हता. एका आमदाराची हत्या झाली म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना तुरुंगात मारण्यात आले. देश वाचवायला ते आवश्यक होते असे काही म्हणतात; तो अन्याय होता असे इतर म्हणतात. आम्हांला वाटते, खटल्याशिवाय कोणाचाही जीव घेणे योग्य नाही, मग घेणारा कितीही मोठा असो. या जखमा इथल्या घराघरांत पुढे कित्येक वर्षे भळभळत राहिल्या. चरित्र वाचताना चांगले तेवढेच वेचायचे नसते.

मे १९२३ मध्ये युद्ध संपले आणि उसनवारी फेडायची वेळ आली. वर्षाअखेरीस सरकारने जनतेकडे एक कोटी पौंडांचे कर्ज मागितले. व्याज पाच टक्के. शंभर पौंडांचा रोखा ९५ पौंडांना मिळत होता. वर्षभरापूर्वी ज्या देशात पूल उडत होते, त्या देशाला कोण पैसे देणार? पण लोकांनी दिले. कर्ज पुरते भरले गेले. नव्या देशाची पत लोकांनी मान्य केली, असा त्याचा अर्थ होता.

अर्थखात्याचे सचिव जोसेफ ब्रेनन हे पूर्वी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. कॉसग्रेव्ह यांनी अशा अनुभवी अधिकाऱ्यांना दूर केले नाही. प्रत्येक खात्याला खर्चाचा हिशेब द्यावा लागे. शिक्षकांचे पगार दहा टक्क्यांनी कापले गेले. सैन्य कमी करायला घेतले, तेव्हा मार्च १९२४ मध्ये काही अधिकाऱ्यांनी बंडाची भाषा केली. कॉसग्रेव्ह त्या वेळी आजारी होते. केव्हिन ओहिगिन्स या तरुण मंत्र्याने ते प्रकरण निस्तरले. सैन्याने सरकारचे ऐकायचे, सरकारने सैन्याचे नव्हे, हे तेव्हा ठरून गेले. पोलीस तर या सरकारने बिनबंदुकीचे ठेवले. रस्त्यात आज दिसणारे बहुतेक गार्डा अजूनही तसेच असतात.

सर्वांत जास्त गाजला तो मात्र एक शिलिंग. पौंडात तेव्हा २० शिलिंग असत. सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त दहा शिलिंग पेन्शन मिळे. १९२४ मध्ये अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी ती नऊ केली. तुमच्या आजी-आजोबांना महिन्याला मिळणाऱ्या पैशांतून दहावा भाग कापला तर घरात काय होईल, विचार करा. त्याच दशकात उत्पन्नकराचा दर मात्र खाली आला. म्हाताऱ्यांकडून घेतले आणि कमावत्यांना सोडले, असे लोकांना वाटले, आणि ते विनाकारण नव्हते. १९२८ मध्ये कायदा करून शिलिंग परत दिला, पण लोक विसरले नाहीत. पत सावकाराजवळ राखायची तशी आजीजवळही राखायची असते, हे या सरकारला उशिरा कळले.

पण हेच कंजूष सरकार एका बाबतीत धाडसी निघाले. टॉमस मॅक्लॉक्लिन नावाचा तरुण इंजिनियर जर्मनीत सीमेन्स कंपनीत होता. शॅनन नदीच्या पाण्यावर साऱ्या देशाला वीज देता येईल, अशी योजना त्याने मांडली. खर्च सुमारे ५२ लाख पौंड, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. टीका खूप झाली. मजुरांना आठवड्याला ३२ शिलिंग फार कमी, म्हणून कामगारांनीही भांडण केले. तरी काम झाले. जुलै १९२९ मध्ये कॉसग्रेव्ह यांनी लिमरिकजवळच्या या योजनेचे उद्घाटन केले. अर्डनाक्रुशाचे वीजघर आजही चालू आहे. महाराष्ट्रात कोयनेचे जे स्थान, तेच इथे शॅननचे. कार्लोचा साखर कारखानाही १९२६ मध्ये याच सरकारच्या मदतीने सुरू झाला. १९२८ मध्ये देशाला स्वतःची नाणी मिळाली. त्यांवर राजाचे डोके नव्हते. घोडा, सामन मासा, बैल, ससा, कोंबडी, डुक्कर असे प्राणी होते. त्यांतले काही प्राणी युरो येईपर्यंत नाण्यांवर टिकले. आई-बाबांच्या एखाद्या खणात अजून सापडतील.

फाळणीचा हिशेबही त्यांनाच करावा लागला. तहात आयर्लंडने ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जाचा वाटा उचलावा असे कलम होते. डिसेंबर १९२५ मध्ये सीमा आहे तशी मान्य केल्यावर ते कलम रद्द झाले. मोठे ओझे उतरले, पण सीमेपलीकडच्या आयरिश लोकांना आपल्याला सोडून दिले असे वाटले. आपल्याकडे १९४७ मध्येही देशाबरोबर तिजोरी वाटली गेली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटी रुपयांवरून केवढे वादळ उठले, ते आजोबांना विचारा. देश वाटला की पैसाही वाटावा लागतो आणि दोन्हींचे दुःख राहते.

१० जुलै १९२७ रोजी ओहिगिन्स यांची बूटर्सटाउनमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. कॉसग्रेव्ह यांनी कायदा केला : निवडून यायचे तर शपथ घेऊन सभागृहात बसावे लागेल. डी व्हॅलेरा आणि त्यांचा फिअना फॉल पक्ष तोवर बाहेर होता. ऑगस्टमध्ये तो डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत आला. आल्याबरोबर सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. मते पडली ७१ विरुद्ध ७१! स्लायगोचे जिंक्स नावाचे सभासद ऐन वेळी गैरहजर राहिले. अध्यक्षांच्या एका मताने सरकार वाचले. पुढे एका शर्यतीच्या घोड्याचे नाव मिस्टर जिंक्स ठेवले गेले आणि त्याने १९२९ मध्ये इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकली. घोड्यांचे शौकीन कॉसग्रेव्ह यांना गंमत वाटली असेल.

फेब्रुवारी १९३२ मध्ये निवडणूक झाली. डी व्हॅलेरांच्या पक्षाला ७२ जागा, कॉसग्रेव्ह यांच्या पक्षाला ५७. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्याशी युद्ध केले, त्यांच्याच हाती आता सैन्य, पोलीस आणि तिजोरी द्यायची होती. ९ मार्चला काही सभासद खिशात पिस्तूल घेऊन आले होते, असे सांगतात. पण गोळी सुटली नाही. कॉसग्रेव्ह यांनी मतमोजणी मानली, खुर्ची सोडली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

आम्हांला वाटते, हाच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. कर्ज फेडणारा देश पतवान खरा; पण हरल्यावर मुकाट्याने खुर्ची सोडणारे सरकार ज्या देशात असते, त्याची पत त्याहून मोठी. जगातल्या कितीतरी नव्या देशांना हे साधले नाही.

१६ नोव्हेंबर १९६५ रोजी कॉसग्रेव्ह वारले. त्या वेळी सत्तेवर त्यांचे जुने विरोधकच होते. त्यांनीच सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार केले. इंचिकोर भागातल्या गोल्डनब्रिज दफनभूमीत, जन्मघरापासून थोड्याच अंतरावर, त्यांची कबर आहे. त्यांचे चिरंजीव लिअम १९७३ ते १९७७ या काळात पंतप्रधान होते. सुटीच्या दिवशी आई-बाबांबरोबर तिकडे एक चक्कर मारून या.

घरी बोलण्यासाठी
१. पैसे कमी असताना तुम्ही सरकार असता तर काय कापले असते? काय मुळीच कापले नसते?
२. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या गावात कोणाची पत मोठी होती आणि का?
३. खेळात हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणे तुम्हांला कधी जड गेले का? चार ओळी मराठीत लिहून आणा.