अहिल्यामाता : दंतकथेतील आणि इतिहासातील



इंदूरच्या राजवाड्याजवळील आडा बाजार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या नावाची कथाही अनेकांनी घरी ऐकली असेल. मालेराव होळकरांच्या रथाखाली वासरू चिरडले गेले. आई अहिल्याबाईंनी मुलाला तीच शिक्षा फर्मावली आणि स्वतः रथ हाकला. पण तीच गाय पुन्हा पुन्हा आड आली व मालेराव वाचले. म्हणून तो आडा बाजार! दुसऱ्या कथेत मात्र आईने मुलाला हत्तीच्या पायी दिले असे सांगतात. एका कथेत मुलगा वाचतो, दुसरीत मरतो. मग खरे काय?

अहिल्याबाईंचा जन्म 1725 साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे. 1733 मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबविले आणि राज्यकारभारात तयार केले. 1766 मध्ये मल्हाररावही गेले व गादी नातू मालेराव यांना मिळाली.

मालेराव स्वभावाने उच्छृंखल होते. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी माळव्यातील जुन्या लोकांना विचारून जी हकीकत मिळविली, ती 1823 साली त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. तीनुसार मालेरावांनी एका भरतकाम करणाऱ्या कारागिराला निव्वळ संशयावरून ठार केले. पुढे तो निर्दोष ठरला. त्या धक्क्याने मालेरावांचे मन बिघडले. लोक म्हणू लागले, कारागिराच्या भुताने त्यांना झपाटले. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या अंथरुणाजवळ बसून अश्रू ढाळत होत्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी भुताला विनवले, त्याचे देऊळ बांधण्याचे आणि कुटुंबाला जहागीर देण्याचे वचन दिले. उपयोग झाला नाही. 1767 मध्ये मालेराव वारले.

आज आपण याला मनाचा आजार म्हणू व डॉक्टरकडे जाऊ. त्या काळी लोकांपुढे भूत हेच उत्तर होते. पुढे मुलाला आईनेच मारले अशी वदंताही पसरली. माल्कम यांनी चौकशी केली, तेव्हा ती निराधार ठरली.

मग वासराची कथा आली कुठून? दक्षिणेत तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाची अगदी हीच कथा सांगतात. श्रीलंकेच्या महावंस या पाली ग्रंथातही एळार राजाच्या नावाने ती आहे, आणि तो ग्रंथ सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे अहिल्याबाईंच्या कितीतरी आधीचा. गोष्टी अशाच गावोगाव फिरतात. जिथे न्यायी राजा किंवा राणी भेटते, तिथे मुक्काम करतात. लोकांना अहिल्याबाईंच्या न्यायाची खात्री होती, म्हणून ही कथा त्यांच्या नावाला चिकटली असावी. म्हणजे कथा घडलेली नसली तरी तिच्यामागची श्रद्धा खोटी नव्हती.

परंतु या कथेच्या ओझ्याखाली खरी आई झाकली जाते, याचे वाईट वाटते. पती, सासरा, मुलगा गेल्यावरही त्यांनी महेश्वरहून सुमारे 28 वर्षे राज्य सांभाळले. काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. 1791 मध्ये जावई वारले. मुलगी मुक्ताबाईने सती जाऊ नये म्हणून त्यांनी परोपरीने विनवणी केली, पण ती थांबली नाही. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. अशी माता पोटच्या मुलावर रथ घालते, असे सांगून तिचा मोठेपणा वाढत नाही. आजारी मुलाची सेवा करून, त्याचे दुःख गिळून जी प्रजेसाठी उभी राहिली, ती अधिक मोठी.

विद्यार्थ्यांनो, आजीची गोष्ट जरूर ऐका, आवडीने ऐका. फक्त नंतर तीन प्रश्न विचारा : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि त्याला कसे कळले? पालकांनीही या प्रश्नांना उद्धटपणा समजू नये. न्यायप्रिय अहिल्यामातेच्या नगरीत साक्षीपुरावा मागणे हा मुलांचा हक्कच आहे.

– प्राचार्य