वैद्य गार्सिया द ओर्ता आणि आपली ख्रिस्तसभा



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्याच्याविषयी लिहीत आहोत तो संत नव्हता. मनाने तो ख्रिस्तीही नव्हता, असेच म्हणावे लागते. तरीही त्याची ओळख आपल्याला असायला हवी. त्याला जे सोसावे लागले ते आपल्याच लोकांच्या हातून आणि आपल्याच प्रभूचे नाव घेऊन.

गार्सिया द ओर्ता सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी जन्मला. त्याचे आईवडील स्पेनमधले यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा असे फर्मावले, तेव्हा असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आली. पाच वर्षांत तिथेही तीच वेळ आली. राजा मानुएलला स्पेनची राजकन्या करायची होती आणि यहुदी घालवून द्या अशी तिकडची अट होती. राजाला सोयरीक हवी होती, पण हे वैद्य, व्यापारी, कसबी लोकही हातचे जाऊ द्यायचे नव्हते. त्याने १४९७ साली त्यांची वाट अडवली. मुले आईबापांपासून ओढून नेऊन त्यांना बाप्तिस्मा दिला आणि मग मोठ्यांनाही. कागदावर पोर्तुगालात यहुदी उरला नाही. उरले ते ‘नवख्रिस्ती’. ही एक नवी जातच झाली, आणि जात हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत. नातवंडे-पतवंडे झाली, रोज मिस्साला गेली, तरी नवख्रिस्ती हा शिक्का पुसला जात नसे. १५०६ साली लिस्बनमध्ये जमावाने अशा नवख्रिस्तींची कत्तल केली.

इथे थोडे तत्त्वज्ञान सांगावे लागेल, वाचकांनी कंटाळू नये. संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकातच शिकवले होते की ज्याने श्रद्धा स्वीकारलेली नाही त्याच्यावर ती लादू नये, कारण श्रद्धा ठेवणे हे माणसाच्या इच्छेचे काम आहे. पण एकदा स्वीकारली की ती पाळायला भाग पाडता येते, असेही त्यांनी पुढे म्हटले. या पुढच्या म्हणण्याचा आधार घेऊनच घात झाला. जबरीने दिलेला बाप्तिस्मासुद्धा बाप्तिस्माच धरला गेला. पोर्तुगालात १५३६ साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, स्थापन झाले. बाप्तिस्मा न झालेल्या यहुद्याला हे न्यायालय पाखंडी ठरवू शकत नव्हते. ज्याच्या बापाला फरफटत बाप्तिस्म्याला नेले होते, त्याला मात्र ठरवू शकत होते.

गार्सियाने सालामांका आणि अल्काला येथे वैद्यकी शिकून पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवले. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम अफोंसो द सौझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजात बसला आणि त्याच वर्षी गोव्याला उतरला. त्या सरदाराबरोबर त्याने दीव पाहिले, वसई पाहिली. पुढे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी झाला आणि मित्रही. आपला माहुली किल्ला तेव्हा निजामशाहीतच होता, म्हणजे शहापूरकरांच्या त्या काळच्या राजाचा हा वैद्य. मुंबई बेटही पोर्तुगीज सरकारने त्याला खंडाने दिले होते. तिथल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

ही नोंद आहे ती त्याच्या ग्रंथात. १० एप्रिल १५६३ रोजी तो गोव्यात छापून निघाला. हिंदुस्थानातील औषधी, मसाले आणि फळे यांविषयी दोन वैद्यांचा संवाद, असे त्याचे रूप. हळद, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, विडा, धोतरा, भांग, आपल्या रानात आणि परसात असणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात आहेत. पटकीच्या रोगाचे वर्णनही आहे. अंतोनिया नावाची त्याची मोलकरीण पाने-फळे आणून दाखवते, आणि वैद्य-हकीम यांच्याकडून काय शिकलो हे तो मोकळेपणाने सांगतो. प्राचीन ग्रीक आचार्यांचे म्हणणे आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेले जुळले नाही तर तो डोळ्यांवर भिस्त ठेवतो. युरोपात त्या काळी हे धाडसच होते. १५६७ साली क्लुसिअस या वनस्पतीशास्त्रज्ञाने ग्रंथाचा सार लॅटिनमध्ये काढला आणि ओर्ताचे नाव युरोपभर झाले.

झाडपाल्याविषयी इतके निर्भयपणे बोलणारा हा माणूस श्रद्धेविषयी मात्र चौतीस वर्षे गप्प राहिला. बाहेर तो ख्रिस्ती म्हणून वावरला. मोशेचे नियमशास्त्र खरे आहे आणि शब्बाथ पाळावा असे तो घरात मानत होता, असे पुढे चौकशीच्या कागदांत नोंदले गेले. हे जबाब भेदरलेल्या नातलगांचे आहेत हे खरे, पण ते खोटे मानायला आम्हाला कारण दिसत नाही. त्याने उघडपणे का सांगितले नाही, असे कोणी विचारील. त्याच्या बहिणी १५४७ साली लिस्बनला कैदेत पडल्या होत्या. सुटल्यावर त्या आईसह त्याच्याकडे गोव्यात आल्या. घरात ही माणसे असताना तो गप्प राहिला, याला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही.

आता एक कटू गोष्ट. गोव्यात इन्क्विझिशन यावे असे ज्यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिले, त्यांत आपले लाडके संत फ्रान्सिस झेवियर होते. ते १५५२ साली वारले, न्यायालय आले १५६० साली, त्याचे काम त्यांनी पाहिले नाही. संताची सेवा मोठी आहे आणि आपण त्यांच्याकडे प्रार्थना करत राहूच. पण पत्र त्यांनी लिहिले होते, आणि ते झाकून ठेवण्यात त्यांचा सन्मान नाही.

गार्सिया १५६८ साली आपल्या अंथरुणावर मेला. त्यानंतर त्याची बहीण कातारिना हिला धरले आणि ऑक्टोबर १५६९ मध्ये गोव्यात खांबाला बांधून जाळले. त्याच्यावर खटला चालला तो मेल्यानंतर. डिसेंबर १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. एका ख्रिस्ती शहरात एका देहाचे दर्शन घ्यायला लोक रांगा लावत होते आणि दुसऱ्या देहाची राख होत होती. हे न्यायालय कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले.

याच कोकणपट्टीत तेव्हा दुसरे यहुदीही राहत होते. मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते बेने इस्राएल. त्यांचा शनिवार मोडायला त्यांच्या शेजाऱ्यांनी कधी भाग पाडले नाही. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचे १८७९ सालचे सभास्थान त्यांचेच. हे शेजारी ख्रिस्ती नव्हते, याची आम्हाला लाज वाटते.

ख्रिस्तसभेने हे पाप कबूल करायला वेळ लावला. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी असलेला अपमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढला. प्रभूच्या मरणाचा दोष साऱ्या यहुदी लोकांवर, किंवा आजच्या यहुद्यांवर, टाकता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी नको, हेही तिने त्याच वर्षी सांगितले. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जेरुसलेमच्या भिंतीत क्षमायाचनेचा कागद ठेवला.

तरीही क्रूसाच्या वाटेच्या नाट्यात आपली मुले सगळे खलनायक यहुदी आणि येशू, मरिया व प्रेषित जणू आपल्यातलेच, अशी विभागणी करतात. ते सगळेच यहुदी होते. पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र मराठीत मिळते, आणि देशाला असाच माणूस हवा असे म्हणणारे तरुण आमच्याही कानावर येतात. पाड्यावर कोणी आपल्याला विचारतो, तुम्ही लोकांना बळजबरीने ख्रिस्ती करता का? आपण नाही म्हणतो, आणि ते खरे आहे. पण गोव्यात जे झाले त्याचे काय, असे त्याने पुढे विचारले तर त्याला गार्सियाची हकीकत पूर्ण सांगावी, आपल्या बाजूने काही गाळू नये.

डिसेंबरात जुन्या गोव्याला फेस्ताला जाणाऱ्यांनी परतताना पणजीत उतरावे. तिथल्या मोठ्या चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. त्याची कबर शोधू नये. ती नाही.