पंडिता रमाबाई व देवाची अढळ अभिवचने

मनुष्याच्या वचनास मुदत असते. देणाऱ्याची इच्छा कितीही चांगली असली तरी त्याचे सामर्थ्य सरते, आयुष्य संपते, कधी मनही पालटते. देवाच्या अभिवचनास अशी मुदत आहे काय? हा प्रश्न केवळ धर्मपंडितांच्या वादाचा नव्हे. आमच्याच महाराष्ट्रात एका विधवा स्त्रीने शेकडो निराधार मुलींच्या अन्नवस्त्राचा भार शिरावर घेऊन तो पारखून पाहिला. त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे लोकमतास मान्य नसता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली व मातेने ती रमेस दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडले. पुढे दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, उपासमार सुरू झाली आणि पिता, माता व थोरली बहीण एकामागून एक मृत्युमुखी पडली. प्राण जाण्यापूर्वी पित्याने आपल्या ह्या धाकट्या कन्येस देवाच्या हाती सोपविले होते. त्या सोपविण्याचा अर्थ तिला पुष्कळ वर्षांनी उमगावयाचा होता.

बंधू श्रीनिवास ह्यांच्यासह पायी प्रवास करीत रमाबाई 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्यांनी गौरविले. परंतु 1880 साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह केला. 1882 च्या आरंभी पटकीने पतीचेही निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, मनोरमा ही तान्ही मुलगी कडेवर घेऊन, त्या जगात एकट्या उरल्या.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या आणि तेथे वाँटेज येथील भगिनींच्या सहवासात असता त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. 1886 साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांची दुःस्थिती त्यांनी ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. तेव्हा बॉस्टन येथे मित्रांनी संघ स्थापून 10 वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले.

येथवर बाईंचा आधार बहुतांशी माणसांचा होता. 1893 साली त्यास मोठा धक्का बसला. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा बोभाटा होऊन सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परंतु ह्याच सुमारास बाईंच्या अंतर्यामी मोठे स्थित्यंतर घडून आले होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे 8 वर्षांनी त्यांस कळून आले की, आपण धर्म स्वीकारला खरा, पण स्वतः ख्रिस्तावर विसंबणे अद्याप राहिलेच आहे. तेव्हा त्यांनी आपणास सर्वस्वी त्याच्या स्वाधीन केले.

अशा वेळी त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर ह्यांचे वृत्त आले. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी ह्या सत्पुरुषाने कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या आधारे, 2000 अनाथ मुलांच्या निवासाची सोय केली होती. चीन देशातील हडसन टेलर ह्यांच्या कार्याची हकिगतही त्यांनी वाचली. त्यांच्या मनात आले की, जो देव तेथे विश्वासू ठरला, त्याच्यावर हिंदुस्थानात तसाच भरवसा टाकता येणार नाही काय? देश बदलला म्हणून देवाचा स्वभाव बदलतो काय?

परीक्षेस उशीर लागला नाही. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणीची उपासमार बाईंस स्मरली आणि पैशाची निश्चिती नसता त्या तिकडे धावल्या. सुमारे 300 मुली व स्त्रिया त्यांनी मृत्यूच्या दाढेतून सोडवून आणल्या. तोच पुण्यास प्लेगने थैमान मांडले. एवढा समुदाय शहरात ठेवणे अशक्य झाले. अमेरिकेची मदत थांबेल त्या दिवसासाठी, फळबागेचे उत्पन्न असावे म्हणून, बाईंनी केडगाव येथे जमीन घेऊन ठेविली होती. तीच आता आश्रयस्थान झाली आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले.

1898 साली 10 वर्षांची मुदत भरली. मित्रांनी आपले वचन प्रामाणिकपणे पाळले होते व पुढे नवा संघही स्थापिला. तथापि मुक्तीतील वाढत्या कुटुंबाच्या उद्याच्या भाकरीची हमी कोणत्याच कागदावर नव्हती. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतील मुलीही आल्या आणि संख्या 2000 च्या घरात गेली. बाईंनी दार लावून घेतले नाही. त्या प्रार्थना करीत, आलेले दान वेचीत व पुन्हा प्रार्थना करीत.

परंतु हा भरवसा म्हणजे आळस नव्हता. मुक्तीत शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता; अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले जाई. ज्याने अन्न देण्याचे कबूल केले आहे त्यानेच हातही दिले आहेत, हे बाई जाणून होत्या. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, कारण ज्या अभिवचनांवर आपण जगलो ती अल्पशिक्षित भगिनींसही वाचता यावीत, अशी त्यांची तळमळ होती.

शेवटची कसोटी सर्वांत कठीण होती. जी आपल्यामागे हे कार्य सांभाळील अशी आशा, ती मनोरमा 24 जुलै 1921 रोजी, अवघ्या 40 व्या वर्षी निवर्तली. ज्या देवाने हजारोंस वाचविले त्याने ह्या एकीस का नेले, असे कोणासही वाटेल. ह्याचे उत्तर आम्हापाशी नाही. बाईंनी मात्र काम सोडले नाही व देवासही सोडले नाही. शास्त्राचे काम पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेविला. ते संपूर्ण भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले, आणि केडगावचे मुक्ति मिशन आजही चालू आहे.

आम्ही पुष्कळदा इच्छा पुरली की देव विश्वासू म्हणतो, आणि न पुरली की संशयात पडतो. बाईंचे जीवन ह्याहून निराळे सांगते. कोणतेही दुःख येणार नाही, असे देवाने त्यांस सांगितले नव्हते. तो त्यांस टाकणार नाही, एवढेच सांगितले होते. पित्याने दुष्काळात ज्या हाती त्यांस सोपविले, तो हात अखेरपर्यंत ढळला नाही. आमच्यापैकी ज्यांच्या घरी आज चिंता आहे, त्यांनी केडगावच्या त्या उघड्या दाराचे स्मरण करावे.