डॉ. रुस्तम वकील आणि सर्पगंधेची मुळी

उच्च रक्तदाब, म्हणजे आपल्या घराघरांत ज्याला नुसते बीपी म्हणतात तो विकार, आज इतका परिचयाचा झाला आहे की दादा-नानांच्या उशाशी गोळ्यांची पट्टी नसेल तरच नवल वाटावे. परंतु १९४५ च्या सुमारास या विकारावर जगातील मोठमोठ्या डॉक्टरांच्या हातीही भरवशाचे असे औषध नव्हते, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरे वाटणार नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला. तज्ज्ञ डॉक्टर दिमतीला होते, पैशाची ददात नव्हती. तरी १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. त्या काळी मीठ तोडावे, नुसता भात व फळे खावीत, विश्रांती घ्यावी आणि फारच झाले तर पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतू शस्त्रक्रियेने तोडून घ्यावेत, एवढेच उपाय होते. अशा वेळी मुंबईच्या एका डॉक्टरांनी आपल्याच देशातील एका मुळीची नीट परीक्षा केली आणि तिचा वृत्तांत जगापुढे मांडला. त्या डॉ. रुस्तम जाल वकील यांची ही ओळख.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारसी कुटुंबात झाला. पारसी समाज संख्येने केवढासा, पण शिक्षणाचे महत्त्व त्याने फार लवकर ओळखले होते. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले, तेथील पदव्या संपादन केल्या आणि मायदेशी परतून हृदयरोगाचे डॉक्टर म्हणून मुंबईत काम करू लागले. परळचे के.ई.एम. रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी. आपल्या भागातून आजही दुखण्याच्या शेवटच्या आशेने माणसे ज्या रुग्णालयाची वाट धरतात, तेच हे रुग्णालय. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरने देशी झाडपाल्याकडे नाक मुरडावे, अशीच त्या काळची रीत होती. वकीलसाहेबांनी तसे केले नाही. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ती मुळी डोळे झाकून डोक्यावरही घेतली नाही. त्यांच्या मोठेपणाचे मर्म मला येथेच दिसते.

ती मुळी सर्पगंधेची. हे लहानसे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या सह्याद्रीच्या ओलसर रानापर्यंत उगवते. वैद्य-हकिमांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. झोप न येणे, सर्पदंश, वेड लागणे अशा नाना तक्रारींवर त्याची मुळी देत. बिहारकडे तर वेडावरचे औषध म्हणूनच ती विकली जाई. आता एकच मुळी दहा दुखण्यांवर चालते असे कोणी सांगू लागले की शहाण्या माणसाला शंका येते, आणि ती यावीच.

येथे वकीलसाहेबांची कथा क्षणभर बाजूला ठेवून दिल्लीकडे वळले पाहिजे, कारण ही शंका प्रथम ज्यांनी गांभीर्याने घेतली त्यांत एक थोर हकीमच होते. हकीम अजमल खान हे नाव आपण स्वातंत्र्यचळवळीतील पुढारी आणि जामिया मिलिया इस्लामियाचे एक संस्थापक म्हणून ऐकतो. युनानी वैद्यकाचा हा वारस असे मानत असे की जुन्या औषधांना नव्या रसायनशास्त्राच्या कसोटीची भीती वाटण्याचे कारण नाही. दिल्लीच्या त्यांच्या तिब्बिया कॉलेजात जर्मनीहून रसायनशास्त्र शिकून आलेले तरुण डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी सर्पगंधेवर काम सुरू केले. हकीमसाहेब १९२७ साली निवर्तले. पुढे १९३१ साली सिद्दिकी यांनी मुळीतून शुद्ध स्वरूपातील काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. हृदयाचे ठोके बिघडले असता हे द्रव्य डॉक्टरांच्या उपयोगी पडले. त्याच १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरवते, असे प्रसिद्ध केले.

म्हणजे वकीलसाहेबांनी मुळी शोधून काढली असे म्हणणे चुकीचे होईल. तिच्या गोळ्याही बाजारात आल्या होत्या आणि अनेक डॉक्टर त्या देतही होते. मग राहिले होते काय? राहिली होती मोजदाद. अमक्याला गुण आला, तमक्याला बरे वाटले, हा पुरावा नव्हे. कारण रक्तदाब मुळातच चंचल. डॉक्टरांपुढे बसल्यावर तो चढतो, घरी पडून राहिल्यावर आपोआपही उतरतो. वकीलसाहेबांनी ५० रुग्ण घेतले, त्यांचा वरचा व खालचा दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा नोंदले, मुळीच्या गोळ्या दिल्या आणि काय फरक पडतो ते लिहून ठेवले. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. हा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नामांकित नियतकालिकात आला. बाहेरच्या जगाने सर्पगंधेची दखल घेतली ती प्रामुख्याने या निबंधामुळे. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी मुळी मागवून स्वतः पडताळा घेतला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन हे मुख्य द्रव्य वेगळे केले आणि औषधांच्या दुकानात एक नवी गोळी आली.

रक्तदाब उतरतो हे सिद्ध झाले. पण का उतरतो हे १९४९ साली वकीलसाहेबांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक होणे शक्यही नव्हते. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. आपल्या शरीरात काही स्नायू असे आहेत की त्यांवर आपला हुकूम चालत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती, आतडी, श्वासनलिका, लघवीची पिशवी यांतील हे अनैच्छिक स्नायू. त्यांना हुकूम देतात मज्जातंतू, आणि तोही रासायनिक निरोपाने. मज्जातंतूच्या टोकाला नॉरअॅड्रिनलीनसारखे द्रव्य साठवलेले असते. ते बाहेर पडते आणि स्नायूवरील ठराविक जागी जाऊन बसते. या जागेला रिसेप्टर म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे. अशी एखादी ग्रहण करणारी वस्तू पेशीत असली पाहिजे, असा तर्क केंब्रिजच्या लँगली यांनी १९०५ साली मांडला होता. अमेरिकेतील आल्क्विस्ट यांनी १९४८ साली, म्हणजे वकीलसाहेबांच्या निबंधाच्या आदल्याच वर्षी, दाखवून दिले की ही कुलपे एका जातीची नसून दोन जातींची आहेत. त्यांना अल्फा व बीटा म्हणतात. रक्तवाहिनीवरील अल्फा कुलपात किल्ली फिरली की वाहिनी आवळते आणि दाब चढतो.

रेसर्पीन कुलपाला हातच लावत नाही. ते मज्जातंतूच्या टोकाशी असलेला किल्ल्यांचा साठाच रिकामा करते. निरोपच नाही, मग स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. हा उलगडा १९५० नंतरच्या दशकात झाला. नंतरची औषधे थेट कुलपावर काम करू लागली. तीच अल्फा कुलपे लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आणि प्रोस्टेट ग्रंथीतही आहेत. म्हणून ती अडवणाऱ्या गोळीने वयस्कर पुरुषांची तुंबणारी लघवी मोकळी होते. आणि म्हणूनच ती गोळी घेणाऱ्या माणसाला अंथरुणातून एकदम उठताना भोवळ येऊ शकते, कारण रक्तवाहिन्याही सैल पडतात. घरात अशी गोळी चालू असेल तर त्यांना आधी बसते करून, थोड्या वेळाने उभे राहू द्यावे आणि भोवळीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

१९५७ साली वकीलसाहेबांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला. मानसन्मानांची यादी एवढी पुरे. माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट १९६७ साली घडली. अमेरिकेत १४३ माजी सैनिकांवर एक चाचणी झाली. सर्वांचा खालचा आकडा ११५ ते १२९ असा भयंकर होता. अर्ध्याअधिकांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांत एक रेसर्पीन होते. बाकीच्यांना औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या दिल्या. औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर विकार जडले, औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोघांना. रक्तदाब उतरवल्याने माणूस वाचतो, याचा असा लख्ख पुरावा त्याआधी नव्हता. आता बरे वाटते म्हणून आपल्याच मनाने गोळी बंद करणारी मंडळी आपल्यात कमी नाहीत. त्यांना हे दोन आकडे जरूर वाचून दाखवावेत.

सर्पगंधेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाक चोंदणे, सुस्ती येणे हे तर होतेच. पण मोठ्या मात्रेत रेसर्पीन घेणाऱ्या काहींचे मन खचते, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले. वनस्पतीचे आहे, अपाय कसला करणार, असे म्हणणाऱ्यांना या मुळीने चांगलेच उत्तर दिले आहे. शिवाय रानातून ती इतकी उपटली गेली की १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले.

सप्टेंबर १९७४ मध्ये लॅन्सेट या इंग्रजी नियतकालिकात रेसर्पीनमुळे स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो की काय, अशी शंका घेणारे निबंध आले आणि खळबळ उडाली. पुढील अभ्यासांत ती शंका टिकली नाही. परंतु तोवर नवी औषधे आली होती आणि रेसर्पीन हळूहळू मागे पडले. तो निकाल पाहण्यास वकीलसाहेब राहिले नाहीत. नोव्हेंबर १९७४ मध्ये वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची लेखणी मात्र त्यांच्या मुळीहून अधिक टिकली. रुग्णाला कसे तपासावे यावर डॉ. गोलवाला यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचले. भारतीय डॉक्टरांनी भारतीय रुग्णांना समोर ठेवून लिहिलेला एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन हा जाडजूड ग्रंथ १९६९ साली प्रथम निघाला, तो त्यांच्याच संपादनाखाली. त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी शिकत असेल, तर सुट्टीत घरी आल्यावर त्यांना या ग्रंथाबद्दल अवश्य विचारा.